कृपया सावलीतून बाहेर या

मंगळवारी सकाळी सात वाजून दहा मिनिटांनी माझ्या मोबाइलने मला फर्मावलं, 'चेहऱ्यावर सावली आहे. कृपया सावलीतून बाहेर या.'

मी सावलीतच राहतो. तालुका सावली, जिल्हा चंद्रपूर. सदतीस वर्षं इथल्या पोरांना दशांश अपूर्णांक शिकवले, पेन्शन इथल्याच बँकेत जमा होते, दोन एकरांची धानाची बांधी गावाला लागून आहे, आणि जायची वेळ येईल तेव्हाही इथूनच जायचा बेत आहे. अशा माणसाला फोनने सकाळी सकाळी, चहाही न विचारता, गाव सोडायला सांगितलं. कशासाठी? माझेच ९८८ रुपये मला परत द्यायचे म्हणून.

ज्यांच्या घरी नागपूरला शिकणारा एक तरी भाचा आहे, त्यांना पुढचं सांगायची गरज नाही. दिवाळीला आला, चिवडा खाल्ला आणि हात पुसता पुसता म्हणाला, "मामाजी, बँकेत पैसा सडून रायला तुमचा." मी म्हटलं, सडण्याएवढा असता तर वास आला असता. "मंग थोडं कॉइन घ्या ना जी. हजार रुपयाचं. गम्मत पाहा."

गम्मत म्हटलं की आम्ही पुढे होतो, हा आमच्या पिढीचा रोग. ज्या जिल्ह्याच्या जंगलातला साग देशभर जातो, त्या जिल्ह्यातल्या शिकलेल्या माणसांनी नव्वदीच्या दशकात कागदावरचा साग विकत घेतला होता. वीस वर्षांत झाड वाढणार आणि तुम्ही लखपती. झाडाचं सोडा, पावतीवरचा पत्तासुद्धा पुढे सापडला नाही. मग इमू आले. इमू निदान दिसत तरी होता, लाथ तरी मारायचा. (सागात माझे किती गेले हे घरी अजून माहीत नाही. बायको हे सदर वाचत नाही.)

कॉइन म्हणजे काय ते मी घरी समजावून सांगितलं. दिसत नाही, हातात येत नाही, कुठे आहे ते सांगता येत नाही, पण दिवसरात्र वर-खाली होत असतं. रविवार नाही, दिवाळी नाही. ती कणीक मळत होती. म्हणाली, "आमच्या माहेरी याले अंगात येनं म्हनत."

तर खातं उघडलं. पॅन दिलं, आधार दिलं. आमच्या गावाचं इंग्रजी स्पेलिंग आधारवर एक आहे, बँकेच्या पासबुकावर दुसरं आहे आणि साहेबाच्या काळातल्या कागदांवर तिसरंच आहे. मला वाटलं इथे अडेल. अडलं नाही. भाच्याने मला पानठेल्यासमोर उभं केलं आणि एक फोटो काढला. त्या फोटोत माझे दोन्ही डोळे मिटलेले आहेत. वर ठेल्याची ताडपत्री, म्हणजे अर्ध्या चेहऱ्यावर सावली. मागे एक गाय. तरीही पडद्यावर रंगीबेरंगी कागदाचे तुकडे उडाले आणि 'अभिनंदन!' असं आलं. हजार रुपये टाकले. दोन सेकंदात गेले. डोळे मिटून आत आलेल्या माणसाला कोणी काही विचारलं नाही.

बदल्यात मला मिळालं ते असं : शून्य, टिंब, मग तीन शून्यं, मग कुठे आकडे सुरू. सदतीस वर्षांत मी पोरांना दशांशाची तीनच स्थळं शिकवली, चौथं विचारणाऱ्याला गप्प बसवलं. इथे आठ स्थळं आहेत. एका नाण्याचे दहा कोटी भाग होतात, आणि सगळी मिळून नाणी दोन कोटी दहा लाखांच्या वर कधीच निघणार नाहीत, असा नियम पहिल्या दिवशीच घालून ठेवलेला आहे. हे ऐकून मला थोडा आदर वाटला. आमच्याकडे नियम पहिल्या दिवशी घालत नाहीत. अर्ज भरून झाल्यावर घालतात.

सहा दिवसांनी भाव एक टक्का चढला. गुरुजींच्या हातून आयुष्यात पहिल्यांदा नफा होत होता. विकून टाकलं. आता फळ्यावर मांडतो, लक्ष द्या. घेताना अर्धा टक्का फी, फीवर अठरा टक्के जीएसटी. गेले ५ रुपये ९०. उरलं ९९४ रुपये १० पैशांचं नाणं. ते चढून झालं १,००४. विकताना पुन्हा फी आणि तिच्यावर जीएसटी, वरून एक टक्का टीडीएस. हा २०२२च्या जुलैपासून लागला. हातात ९८८. म्हणजे भाव वाढला आणि खिशातून बारा रुपये गेले. पण थांबा, कायद्याच्या दृष्टीने मला दहा रुपयांचा नफा झालेला आहे, कारण खरेदीच्या किमतीशिवाय कुठलाच खर्च वजा धरत नाहीत. त्या नफ्यावर तीस टक्के कर, करावर चार टक्के उपकर : ३ रुपये १० पैसे. कापलेल्या टीडीएसमधून ते वळते होतील आणि उरलेले सात रुपये विवरणपत्र भरल्यावर परत मिळतील. एका नाण्यात बुडालात आणि दुसऱ्यात कमावलंत, तर बुडालेलं कमावलेल्यातून वजा होत नाही. बुडणं तुमचं खाजगी. कमावणं सार्वजनिक.

जाऊ द्या. गणित चुकलं तर मी मुलांना ओणवं उभं करायचो, इथे कोणाला करू? माझी तक्रार बारा रुपयांची नाही. माझी तक्रार सावलीची आहे.

पैसे बँकेत घ्यायला बोट लावलं तसं आलं : 'आपल्या सुरक्षेसाठी पुन्हा पडताळणी आवश्यक.' पडद्यावर एक गोल उमटला आणि खाली, 'चेहरा अंडाकृतीत ठेवा.' माझा चेहरा अंडाकृती नाही. आमच्या घराण्यात कोणाचाच नाही. आम्ही फणसाच्या बाजूचे. कसाबसा बसवला. मग, 'लुकलुक करा.' मी विचारात पडलो. चांदण्या लुकलुकतात, दिवे लुकलुकतात, सेवानिवृत्त मुख्याध्यापक काय करतात? भाच्याला फोन लावला. तो म्हणाला, "डोरे मिचकावा ना, मामाजी." मिचकावले. 'डोके हळूहळू डावीकडे वळवा.' वळवलं. 'उजवीकडे वळवा.' तिकडेही वळवलं, मानेत कळ आली. यंत्राने क्षणभर विचार केला आणि निकाल दिला :

'जिवंतपणा अयशस्वी. पुन्हा प्रयत्न करा.'

मी हे वाक्य तीनदा वाचलं. माझ्या बाबतीत हे मत पूर्वी काही लोकांनी व्यक्त केलेलं आहे, पण इतक्या थोडक्यात नाही. सासऱ्यांना हेच म्हणायचं होतं, त्यांना अख्खं लग्न लागलं. आणि 'पुन्हा प्रयत्न करा' म्हणजे किती? चौऱ्याऐंशी लक्ष? तेवढे नव्हते. तीनच होते. तिसऱ्या वेळी सांगण्यात आलं की आजचे प्रयत्न संपले, चोवीस तासांनी पुन्हा या. तोवर मी कोण, हे सांगितलं नाही. मी ओट्यावर बसून राहिलो. शेजारचे काकाजी रस्त्याने जाताना 'का गुरुजी, बरं आहे नं?' म्हणाले, मी म्हटलं, उद्या सांगतो.

नोव्हेंबर महिन्यात मी बँकेत हयातीचा दाखला देतो. तिथल्या बाबूची पद्धत जुनी आहे. तो चष्म्यावरून एकदा बघतो, 'गुरुजी, खोकला कमी झाला का?' विचारतो आणि शिक्का मारतो. खोकतो म्हणजे आहे. यात लुकलुक नाही, अंडं नाही. दाखला देऊन पंधरा दिवस झाले नव्हते तोच ही फेरपरीक्षा.

दुसऱ्या दिवशी खोलीत अंधार म्हणून अंगणात गेलो. 'चेहऱ्यावर सावली आहे.' अंगणात चिंच आहे, मान्य. गच्चीवर गेलो. 'चेहऱ्यावर सावली आहे.' गच्चीवर पाण्याची टाकी आहे, तिच्या दुसऱ्या बाजूला गेलो. 'प्रकाश अधिक आहे.' एक पाऊल मागे. 'कृपया सावलीतून बाहेर या.' खालून बायको विचारते, कोणाशी बोलता? मी म्हटलं, गाव सोडायला सांगतात. ती म्हणाली, "मंग जाताना दळन घेऊन जा."

या सूचनेची मला खरी चीड यायला लागली ती इथून. सावलीतून बाहेर या! अरे, सावलीतून बाहेर पडायला आम्हाला अ‍ॅप लागतं का? धान निघालं, मळणी झाली, की इकडच्या गावांमधली घरंच्या घरं मिरची तोडायला तेलंगणात जातात. म्हातारी आणि कुत्री तेवढी राहतात. त्यांच्या पोरांची हजेरी मी सदतीस वर्षं मांडली आहे : डिसेंबर ते एप्रिल, गैरहजर, गैरहजर, गैरहजर. त्यांना कोणी 'कृपया' म्हटलं नव्हतं.

तिसऱ्या दिवशी बांधीवर गेलो. तिथे ना झाड ना टाकी, कापलेल्या धानाच्या नुसत्या धसकटी. धुऱ्यावर उभा राहिलो, सूर्य समोर घेतला, चेहरा अंड्यात घातला, डोकं डावीकडे वळवलं. डावीकडे जंगल आहे. मागून आरोळी आली, "ओ गुरुजी! का करून रायले जी तिथं? काल वाघ बसला होता त्याच धुऱ्यावर!" वनरक्षक होता. मी म्हटलं, जिवंत असल्याचा पुरावा देतोय. तो म्हणाला, "इथं उभे रायले तं उलटा पुरावा होईल ना."

मग धुऱ्याखाली उकिडवे बसून आम्ही बोललो, आणि मला कळलं की माझ्यापेक्षा वाघाची सोय पुष्कळ चांगली आहे. वाघ मोजायला जंगलात पायवाटेच्या दोन्ही अंगांना, समोरासमोर, झाडाला कॅमेरे बांधतात. दोन का? तर वाघाच्या डाव्या कुशीवरचे पट्टे वेगळे आणि उजव्या कुशीवरचे वेगळे, आणि एका वाघाचे पट्टे दुसऱ्यासारखे नसतात. वाघ आपल्या कामाला चाललेला असतो. मधून जातो, दोन्हीकडून फोटो निघतो, संपलं. पडताळणी पूर्ण. त्याला कोणी 'लुकलुक करा' म्हणत नाही. त्याच्या अंगावर तर सावलीच सावली असते. बांबूची सावली, पळसाची सावली, पट्टे आहेतच सावलीत लपण्यासाठी. त्याला म्हणून दाखवा, साहेब, सावलीतून बाहेर या. मध्यरात्री, पावसात, तोंडात रानडुक्कर धरून गेला तरी त्याचं जिवंतपण एका फेरीत मान्य होतं. त्याला पासबुक लागत नाही, स्पेलिंग लागत नाही, हद्द ओलांडून गडचिरोलीत गेला तरी पट्टे तेच धरतात. मी वनरक्षकाला विचारलं, तुमच्या कॅमेऱ्यासमोरून मी एकदा चालत गेलो तर चालेल का? तो म्हणाला, गुरुजी, तुम्ही मोहफुलं वेचायले येता तेव्हाचे तुमचे फोटो निघून रायतेत ना त्यात. म्हणजे माझा पुरावा आहे. तारीखवार आहे. दोन्ही कुशींवरून आहे. फक्त चुकीच्या खात्यात आहे.

हसू आलं, आणि मग आलं नाही. कारण ज्या धुऱ्यावर मी दिवसाउजेडी मान वाकडी करत होतो, तिथेच माझ्या शेजारच्या बांधीवाल्याला उन्हाळी धानाला पाणी द्यायला रात्री जावं लागतं. मोटरपंपाची वीज रात्रीच्या पाळीत येते. जिल्ह्यातून कोळसा निघतो, जिल्ह्यात वीज तयार होते, राख आमच्या अंगावर पडते, उजेड तारांवरून दूर जातो आणि धानवाल्याला जे उरलं ते मिळतं, रात्री बारानंतर, वाघाच्या वेळेला. तो बॅटरी आणि काठी घेऊन निघतो आणि बायको दार उघडं ठेवून बसते. त्या माणसाचा जिवंतपणा कोण तपासतं? तो गेला की मग तपासतात. मग पंचनामा होतो, मग कागद मागतात, मग मेल्याचा पुरावा नीट नाही म्हणून परत पाठवतात. आणि रेशनच्या दुकानात? आमच्या वस्तीत एक म्हातारी आहे, जन्मभर दुसऱ्याच्या बांधीत रोवणी केली, चिखलात अंगठ्याच्या रेषा झिजून गेल्या. मशीन तिला ओळखत नाही. धानाच्या जिल्ह्यात, जिने धान रोवलं तिला तांदूळ द्यायला मशीन नाही म्हणतं, आणि ती दुकानदाराला विचारते, "बाबू, मी कोन मंग?" माझे ९८८ रुपये गेले तरी चूल पेटते. तिचं काय? सगळ्यांना पुरावा आमच्याकडूनच पाहिजे. ओळखायचं काम कोणी करायचंच नाही, आम्ही मात्र मिचकावत राहायचं.

असो. संपादक म्हणतात सदर हलकंफुलकं असावं.

वीज म्हटलं म्हणून सांगतो. हे नाणं विजेवरच तयार होतं. जगभर ठिकठिकाणी यंत्रं रात्रंदिवस आकडे घासत बसतात, दर दहा मिनिटांनी एकाचा आकडा जुळतो, त्याला नवी नाणी मिळतात. भाच्याने ज्ञान दिलं की याला 'प्रूफ ऑफ वर्क' म्हणतात, कष्टाचा पुरावा. मी म्हटलं, बाळा, हे तू सावलीत सांगतोस? हे खादीचं गाव. आमच्या आज्या सूत कातायच्या. सहाशे चाळीस तारांची एक गुंडी. गुंडी हातात घेतली की कष्ट दिसायचा, मोजता यायचा, आणि त्यासाठी कोणाच्या शेतातली वीज तोडावी लागत नव्हती. फुकट फिरून नुसते आकडे जुळवणाऱ्या चरख्याला आज्जीने काय म्हटलं असतं ते छापता येणार नाही.

आणि आणखी एक. ज्याने हे नाणं काढलं, त्याने २००८ साली नऊ पानांचा एक कागद जगापुढे टाकला, दोन-अडीच वर्षं ई-मेलमधून बोलला आणि नाहीसा झाला. तो एक की अनेक, पुरुष की बाई, आहे की गेला, कोणालाच ठाऊक नाही. त्याचा जिवंतपणा आजतागायत सिद्ध झालेला नाही, आणि त्याच्या नाण्यावर जगाचा विश्वास आहे. त्याला अंड्यात चेहरा घालायला लावा की!

चौथ्या दिवशी तक्रार केली. उत्तर तत्काळ आलं : 'आपली गैरसोय आम्ही समजू शकतो. आपलं तिकीट उघडण्यात आलं आहे.' आमच्या झाडीपट्टीत तिकीट म्हणजे नाटकाचं. थंडीत तिकीट काढलं की रात्रभर मंडपात बसायला मिळतं, तिसऱ्या अंकात मेलेला नायक टाळ्या पडल्या की उठून पुन्हा गातो, आणि त्याचा जिवंतपणा कधी अयशस्वी होत नाही. या तिकिटावर मी दोन दिवस बसलो. पडदा वर गेलाच नाही. मग संदेश आला, 'आपलं समाधान झाल्यामुळे तिकीट बंद करण्यात येत आहे.' कोणाचं समाधान झालं हे कळवण्यासाठी पाच चांदण्या दिल्या होत्या. त्या मात्र लुकलुकत होत्या.

तेव्हा ठरवलं, की बाबा तू म्हणतोस तसं. सकाळची एसटी पकडली आणि सावलीतून बाहेर पडलो. मूलला उतरलो. बसस्थानकाबाहेर चांगलं कोवळं ऊन होतं. फोन समोर धरला. 'चेहरा अंडाकृतीत ठेवा.' ठेवला. 'लुकलुक करा.' केली. डावीकडे वळलो, तर डाव्या बाजूने एका मोटरसायकलवाल्याने माझ्या दळून आणलेल्या दळणाच्या पिशवीला धडक दिली आणि दहा किलो पीठ रस्त्यावर. मी सदतीस वर्षांत वर्गात वापरले नव्हते असे शब्द मूलच्या भर चौकात वापरले, डोळे वटारून, मान दोन्हीकडे हलवून, हात उंच करून. गर्दी जमली. हातातल्या फोनवर रंगीबेरंगी कागदाचे तुकडे उडाले.

'जिवंतपणा यशस्वी. अभिनंदन!'

पीठ भरत भरत मी पैसे काढायच्या बटणावर बोट ठेवलं. आलं : 'किमान रक्कम १,००० रुपये. आपली शिल्लक ९८८ रुपये. कृपया बारा रुपये जमा करा.' बारा टाकायला गेलो. 'किमान जमा १०० रुपये.'

बसस्थानकाच्या छपराखाली गेलो, खांबाआड, गर्द सावलीत, पिठाने माखलेला, डोळ्यांत पीठ गेल्यामुळे दोन्ही डोळे मिटलेले. शंभर रुपये टाकले. दोन सेकंदात गेले.